सौंदडला बसलेले पाटे

कराडहून निघताना आमची पिकअप नव्या नवरीसारखी ताठ निघाली होती. गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला पोचेपर्यंत ती आठव्या महिन्यातल्या बाईसारखी मागे रेलून चालू लागली. ही उपमा मी मोठ्या हौसेनं मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, ऐकवली. ती म्हणाली, "आठव्या महिन्यात तुम्ही कधी चालला नाहीत, तेव्हा गप बसा."

गप बसणं हा माझ्या स्वभावाचा भाग नाही. तीस वर्षं कापडदुकानाच्या गादीवर बसून मी जेवढं कापड फाडलं, त्याहून जास्त गप्पा मारल्या. पन्नाशी उलटल्यावर दुकान भावाच्या हवाली केलं, जुनी पिकअप घेतली आणि तिच्या हौद्यावर एक छोटं घर बसवून घेतलं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, आणि माझ्या हट्टापायी सागवानी दार आणि कपाटं. बांधणारा सुतार म्हणाला होता, "दादा, प्लायवूड घ्या, हलकं पडेल." मी त्याला सागवानाच्या थोरवीवर अर्धा तास व्याख्यान दिलं. त्या व्याख्यानाचं फळ सौंदडच्या एका गतिरोधकावर मिळालं. मागून असा करकराट झाला, की रस्त्याकडेच्या बांधावरचे बगळे उडाले.

सौंदड

खाली उतरून पाहिलं तर मागचं चाक मडगार्डला घासत होतं. पाटे बसले होते. ज्यांनी गाडीच्या पोटाखाली कधी वाकून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची चळत असते, एकीवर एक, धनुष्यासारखी वाकलेली. सगळं ओझं ती झेलते. आमचं धनुष्य पार सरळ झालं होतं, फूटपट्टीसारखं.

धान, म्हणजे आपलं भात, निघून गेलं होतं आणि त्याच खाचरांमध्ये लाखोळीचं कडधान्य उभं होतं. ते कापणारा एक शेतकरी विळा खांद्यावर टाकून आला आणि त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"कमान बसली तुमची," तो म्हणाला. आपण पाटे म्हणतो, इकडे कमान. "पाण्याची टाकी मागं काऊन लावली? बंडीत धान भरते तं सारा शेपटीकडे भरते का कोणी? बैल हवेत जाईन ना!"

आमच्या साताऱ्याकडे इतकं खरं बोलायला माणूस आधी चहा पाजतो. इथे चहा नंतर आला. त्याच्या घरच्या ओसरीवर लाखोळीच्या डाळीचे गरम वडे आले, अंबाडीची आंबट भाजी आली, आणि भाताचा असा डोंगर आला की माझ्यातला भाकरीखाऊ माणूस शरण गेला. त्याच्या बायकोनं मंगलला विचारलं, "घर असून बाहेर कायले झोपता?" मंगलनं माझ्याकडे बोट दाखवलं. बाईला उत्तर पुरलं.

नवे पाटे नागपूरहून यायला आठवडा लागेल, असं फोनवर कळलं. शेतकरी म्हणाला, "नवे कायले? गोंदियाले जा. कुडव्याच्या अंगाला सुकलाल मिस्त्री आहे. त्यानं चढवलेली कमान बसत नाई. धानाचे सारे टेम्पो त्याच्याकडेच जातेत." वर म्हणाला, "तेथी जास्त बोलू नका. तो बोलणारा नाई."

मी मान डोलावली. मान डोलावणं मला छान जमतं.

कुडवा, दुसरा दिवस

टाकी रिकामी करून, सागवानाची माफी मागत, बैलबंडीच्या वेगानं आम्ही कुडव्याला पोचलो. सुकलाल मिस्त्रींचं दुकान म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे. खाली जमिनीत खणलेली, दोन हात लांब चरासारखी भट्टी, बाजूला जळक्या तेलानं भरलेली लोखंडी डोण, आणि समोर पळसाचं झाड. पान एक नाही, नुसती फुलं. झाडाला कोणी काडी लावून दिली असावी, असं ते पेटलं होतं.

मिस्त्री सत्तरीचे, काटक, अंगावर बंडी आणि कमरेला गोणपाट. त्यांची मुलगी देवकी पस्तिशीची, साडीचा काष्टा मारलेली. भट्टीला वारा देणारा विजेचा पंखा तिच्या हाताशी होता.

"कोणाची गाडी आहे गा?" मिस्त्रींनी विचारलं.

"आमची. कराडहून आलो."

"वर काय बांधलं?"

"घर."

मिस्त्रींनी घरावर हात फिरवला, दारावर टकटक केली. "सागवान," ते म्हणाले. "गाडीले कायची शिक्षा देऊन राहिले भाऊ?"

मंगल इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुपारपर्यंत त्यांनी डावीकडची चळत सोडवली. एकेक पाटा भट्टीत घालायचा, लाल झाला की ऐरणीवर घेऊन घणानं ठोकून कमान द्यायची, पुन्हा तापवायचा आणि डोणीतल्या तेलात बुडवायचा. आमच्याकडे लोहार याला पाणी पाजणं म्हणतात. सगळी कला तापवण्यात. कमी तापला तर पाटा मऊ राहतो, पुन्हा बसतो. जास्त तापला तर तेलात जाताच फुटतो.

"किती तापवायचा हे कसं कळतं?" मी विचारलं.

मिस्त्रींनी मान न वळवता झाडाकडे हात केला. "परसा." परसा म्हणजे आपला पळस. "आधी पाटा जांभरासारखा होते. मंग परसा होते. परसा झाला का काढायचा. त्याच्या पुढं गेला तं पिकला आंबा. पिकला का सडला."

वर्षाचे अकरा महिने फूल नसलेल्या झाडाचा रंग डोक्यात ठेवून काम करणारा माणूस! मी खूश झालो. वही काढली आणि हे वाक्य जसंच्या तसं उतरवलं. कराडच्या कट्ट्यावर ते कसं ऐकवायचं, हेही ठरवून टाकलं.

देवकी अधूनमधून घरच्या गोष्टी विचारत होती. पाटा भट्टीत असताना ती म्हणे, "बाबा, पाणी देऊ का?" बाबा म्हणत, "थांब." थोड्या वेळानं, "बाबा, चहा मांडतो." ती असं म्हणाली की मिस्त्री उठत आणि सांडशीनं पाटा बाहेर काढत. इकडच्या बायका 'मांडते', 'जाते' म्हणत नाहीत, 'मांडतो', 'जातो' म्हणतात. मंगलला ते फार आवडलं. तीही मला म्हणाली, "मी जरा पडतो," आणि घरात जाऊन झोपली.

संध्याकाळी डावी बाजू बसवून झाली. गाडीची एक कूस उचलली गेली होती, दुसरी तशीच. लंगड्या घरात आम्ही तिरपे झोपलो.

कुडवा, तिसरा दिवस

सकाळी दुकानासमोर गर्दी होती. दोन धानाचे टेम्पो आणि एक ट्रॅक्टरवाला आपापल्या पाळीची वाट पाहत उकिडवे बसले होते. गोंदियाकडचा एक टेम्पोवाला हिंदीतून आमच्या घराची चौकशी करत होता. "भाईसाब, इसमें बाथरूम भी है क्या?" मी त्याला सगळं फिरवून दाखवलं. श्रोते मिळाले होते. माझी कळी खुलली.

उजव्या बाजूचे पाटे एकामागून एक भट्टीत जात होते. मी चहाची वाट पाहत होतो. आणि तेवढ्यात मला उमगलं. काल देवकीनं पाच वेळा चहा मांडतो म्हटलं होतं, आज तीन वेळा. चहा एकदाही आला नव्हता.

मी पाहू लागलो. मिस्त्री भट्टीकडे बघतच नव्हते. तोंड भट्टीकडे होतं, पण नजर तिच्या किंचित वर, कुठेच नसल्यासारखी. देवकी मात्र पाट्यावरून डोळे हलवत नव्हती. पाटा पळसाच्या रंगाचा झाला की ती म्हणे, "बाबा, चहा मांडतो." आणि म्हातारा उठे.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. आजवर अनेकांनी मला हे सांगितलं आहे, पण मी ते स्वतःला सांगितल्याचे प्रसंग कमी. मला वाटलं, काय सुंदर युक्ती! काय बापलेक! आणि समोर श्रोते होते.

"मंडळी," मी हात पसरून म्हणालो, "या भट्टीचं गुपित मला कळलं! इथे चहा कधी शिजत नाही, पाटा शिजतो! देवकीबाई चहा मांडतात आणि मिस्त्री पोलाद काढतात. डोळे लेकीचे, हात बापाचे!"

टेम्पोवाल्यानं मान खाली घातली. ट्रॅक्टरवाला उठून उगाच टायर दाबून पाहू लागला. कोणी हसलं नाही. देवकीच्या हातातला निखारे ओढायचा आकडा तसाच राहिला. भट्टीच्या पंख्याचा घुर्र आवाज तेवढा चालू होता.

ट्रॅक्टरवाला शेवटी हळूच म्हणाला, "काऊन बोलले तुमी?"

तेव्हा कळलं. सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपासून ठाऊक होतं. ही माणसं तोंडावर ताडकन बोलणारी; माझ्या टाकीबद्दल अनोळखी शेतकरी पहिल्याच भेटीत बोलला होता. पण मिस्त्रींच्या डोळ्यांबद्दल या सगळ्या परिसरात एकानंही तोंड उघडलं नव्हतं. टेम्पो घेऊन यायचे, उकिडवे बसायचे, न येणाऱ्या चहाबद्दल कधी विचारायचे नाहीत. मिस्त्रींना वाटत होतं, कोणाला माहीत नाही.

मिस्त्रींनी सांडशी ऐरणीवर ठेवली. मग म्हणाले, "देवकी, घरी जा. सैंपाक कर."

"बाबा, शेवटचा मेन पाटा आहे. हा काढतो मंग..."

"जा म्हणलं ना."

ती गेली नाही. पळसाखाली जाऊन उभी राहिली. मिस्त्रींनी सर्वांत लांब, सर्वांत जाड पाटा, ज्याच्यावर अख्खी चळत तोलते, तो स्वतः भट्टीत सरकवला. पंखा स्वतः चालू केला. खाली वाकून, तोंड निखाऱ्यांच्या इतकं जवळ नेलं की मला त्यांच्या भुवया जळतील अशी भीती वाटली.

पाटा जांभळट झाला. मग गर्द तांबडा. मग समोरच्या झाडावरच्या फुलासारखा नारिंगी. आता. आता काढा. मी मंगलकडे पाहिलं. तिनं माझा दंड घट्ट धरला होता. मला ओरडायचं होतं, आणि ओरडलो असतो तर तो दुसरा घाव झाला असता. टेम्पोवाले जमिनीकडे बघत होते. देवकीचे ओठ हलले. आवाज आला नाही.

पाट्याची कड पिवळी झाली. पिकल्या आंब्यासारखी, मग त्याहून फिकी. मिस्त्रींनी तेव्हा सांडशी लावली.

ऐरणीवर त्यांचे घाव इतके बिनचूक पडले की क्षणभर मला वाटलं, निभावलं. दुसऱ्यांदा तापवला, पुन्हा तसाच पिवळा. डोणीत गेला. तेलानं पेट घेतला, धूर वर गेला, आणि त्या धुरात एक बारीक आवाज आला. काचेचा पेला गरम चहानं तडकतो तसा. अगदी हलका.

मिस्त्रींनी पाटा बाहेर काढला, निवेपर्यंत वाट पाहिली आणि त्यावरून अंगठा फिरवत गेले. मधोमध अंगठा थांबला. तिथेच दोनदा पुढेमागे झाला.

"गेला," ते म्हणाले.

कमरेचं गोणपाट सोडून त्यांनी खुंटीला अडकवलं. खुंटी पहिल्यांदा हाताला लागली नाही, दुसऱ्यांदा लागली. मग पत्र्याखालून निघून, रस्ता ओलांडून, घराकडे गेले. एक स्कूटर त्यांना चुकवून गेली. कोणी धरायला धावलं नाही. धरणं म्हणजे मी बोललो तेच पुन्हा बोलणं झालं असतं.

देवकी आली. तिनं कोपऱ्यातल्या भंगारातून एका ट्रकचा जुना पाटा ओढून काढला, मापानं कापला, भोक पाडलं आणि भट्टीत घातला.  रंग आला, तिनं काढला, तिनंच ठोकला. घण तिला जड जात होता. टेम्पोवाला न सांगता उठला आणि पाट्याचं दुसरं टोक सांडशीनं धरून उभा राहिला.

मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "देवकी, माझी चूक झाली."

"हो," ती म्हणाली. "झाली."

नंतर तिनं मंगलला सांगितलं ते मी थोड्या अंतरावरून ऐकलं. "साखरेनं डोरे नेले काकू. डाक्टर म्हणे, आता वापस नाई येत. बाबा म्हणे, मंग मी घरी बसून काय करू? मरू का? मंग मी म्हणलं, मी चहाचं म्हणन, तुमी उठजा. चालून राहिलं होतं ना आमचं."

मंगल त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दोन्ही बाजूंनी सारखी उभी होती. टाकी पुढे, पलंगाखाली सरकवली होती. सागवानी कपाटांपैकी दोन काढून देवकीच्या घरी ठेवली; तिनं ती नाकारली नाही, त्याबद्दल मी अजून तिचा आभारी आहे.

मी गाडी सुरू करणार एवढ्यात मिस्त्री आले. गाडीच्या बाजूला हात लावत लावत दारापाशी पोचले.

"भाऊ, तुमी गोष्टी सांगता म्हणे."

मी किल्ली काढून खाली उतरलो.

"ही बी सांगाल. सांगा. पण लोखंडात खोट होती म्हणा. जुनं लोखंड होतं, आतून चिरलेलं होतं. असं म्हणा."

"लोखंडातच खोट होती, मिस्त्री."

"हो ना?" ते म्हणाले. आणि त्यांनी माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे पाहिलं, मी खरं बोलतोय का ते पाहावं तसं.

नाक्यावरच्या टपरीवर चार माणसं बसली होती. मी उतरलो आणि मोठ्यानं सांगितलं, की आमचा पाटा फुटला तो लोखंडाच्या दोषानं, मिस्त्रींचा हात सोन्याचा आहे. आयुष्यात इतकी वाईट थाप मी कधी मारली नव्हती. चौघांनी माना डोलावल्या. एक म्हणाला, "हो हो. लोखंडच खराब येऊन राहिलं आजकाल." ते माझ्यापेक्षा कितीतरी सराईत होते.

कचारगड

आमगाव, सालेकसा करत दरेकसाच्या जंगलात शिरलो. खड्ड्यांतून गाडी कुरकुर न करता गेली. पाटे दबत होते आणि पुन्हा उभे राहत होते. दर खड्ड्याला मला तो अंगठा आठवत होता.

कचारगडची यात्रा होऊन गेली होती. डोंगराच्या वाटेवर गोंड भाविकांनी लावलेले पिवळे झेंडे अजून होते, पायऱ्यांवर पाचोळा होता. वाटेत मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी विसावली होती. मंगलनं तिला पाणी दिलं. तिनं पदराच्या गाठीतली मूठभर बोरं मंगलच्या हातावर ठेवली आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. आम्हाला एक शब्द कळला नाही. मंगल म्हणाली, "किती छान बोलली." दोन दिवसांनी ती माझ्याशी बोलली, ते हे.

डोंगरातली गुहा एवढी प्रचंड आहे की आमच्या गावातलं देऊळ तिच्यात कळसासकट मावेल. वर छताला भगदाड आहे आणि तिथून उजेडाचा एक खांब सरळ खाली उतरतो. अशा जागी जाऊन आवाज घुमवून पाहायचा, ही माझी लहानपणापासूनची खोड. मंगल माझ्याकडे बघत होती. मी चपला काढल्या, हात जोडले आणि तसाच उभा राहिलो. वटवाघळांची फडफड ऐकू येत होती. आजवरच्या भटकंतीत मी कुठली जागा ऐकली असेल तर ती ही.

कराड

घरी येऊन चार महिने झाले. कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं, की गोंदियाकडे आमचा पाटा फुटला, लोखंडात खोट होती. दोन मिनिटांत संपणारी गोष्ट. मित्र विचारतात, "बस, एवढंच?"

लिहायला बसल्यावर मात्र तसं लिहिता येईना. दिलेला शब्द मोडायचा तर विचारून मोडावा, म्हणून देवकीला फोन केला. मागून घणाचा आवाज येत होता. हाताखाली आता कोणीतरी ठेवला असावा.

"लिवा काका," ती म्हणाली. "आता लपवून काय करता? बाबानं सोताच सांगून टाकलं सगळ्याइले. लोखंड चांगलं होतं म्हणे, माहे डोरे गेले होते."

"कसे आहेत ते?"

"आहेत. दुकानात येतेत रोज. खाटेवर बसून रायते, भट्टीकडे पाठ करून." घणाचा आवाज लांब गेला. "पहिले कसं, शिकताना माहा एक घाव चुकला का बाबा नुसत्या आवाजावरून वरडे. म्हणे, वाकडा पडला, तुह्या बापानं असं शिकवलं का तुले? काल मी मुद्दाम वाकडा घातला काका. तीनदा घातला."

"मग?"

"काही नाई म्हणलं त्यानं."